मागील पानावरून पुढे चालणारी वर्गणी : नाशिकच्या एका महाविद्यालयीन ग्रंथालयाचे प्रकरण

जुलै २०२४. वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. दुपारच्या सुट्टीत देवघेवीच्या काउंटरसमोर रांग लागली होती आणि त्या रांगेत सुरगाणा तालुक्यातून नाशिकला शिकायला आलेली, प्रथम वर्ष विज्ञानाची एक मुलगी त्या आठवड्यात तिसऱ्यांदा उभी होती. "मॅडम, नव्या पॅटर्नचं केमिस्ट्री आलं का?" मी, इथली ग्रंथपाल, नाही म्हटले. तिने मान हलवली, ओळखपत्र दप्तरात ठेवले आणि निघून गेली. विकत घ्यायचे असते तर ती तीनदा आली नसती.

तेवढ्यात मामा टपाल घेऊन आले. मामा म्हणजे आमचे ग्रंथालय परिचर. सगळे कॉलेज त्यांना मामाच म्हणते. टपालात रसायनशास्त्राच्या एका परदेशी जर्नलचा, म्हणजे संशोधन नियतकालिकाचा, अंक होता, पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात. मामा तो नियतकालिक विभागात ठेवायला गेले आणि तिथूनच म्हणाले, "मॅडम, ह्याचे मागचे दोन अंक पण पाकिटातच आहेत. फोडून ठेवू का?"

पाकिटे मी हातात घेऊन पाहिली. एकावर एप्रिलचा शिक्का होता. ती फोडायची राहिली ही आमची चूक, पण तीन महिन्यांत ती फोडून मागायलाही कुणी आले नव्हते. त्या एका अंकाच्या किमतीत, काउंटरवर मागितल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकाच्या बऱ्याच प्रती आल्या असत्या. दोन्ही खर्च एकाच तरतुदीतून होतात. पुढच्या सव्वा वर्षात ही तरतूद आम्ही कशी पुन्हा मांडली, कुठे अडलो आणि काय अजून सुटलेले नाही, ते इथे लिहिते आहे.

तरतूद आणि तिचे वाटप

महाविद्यालय अनुदानित आहे. कला, वाणिज्य, विज्ञान या तिन्ही शाखा, रसायनशास्त्र आणि मराठीचे पदव्युत्तर वर्ग, त्याच दोन विषयांची पीएच.डी. संशोधन केंद्रे. विद्यार्थी शहरातले आहेत, तसे दिंडोरी, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातून एसटीने येणारेही पुष्कळ. महाविद्यालयाचे नाव आणि प्रत्यक्ष रकमा देत नाही. हिशोब समजायला सोपा जावा म्हणून पुस्तके आणि नियतकालिके मिळून वर्षाची एकूण तरतूद १०० रुपये धरली आहे. वृत्तपत्रे आणि ई-साधनांची सदस्यत्वे वेगळ्या शीर्षाखाली जातात, ती यात नाहीत.

२०२४-२५ च्या अंदाजपत्रकात ५५ रुपये पुस्तकांना आणि ४५ रुपये नियतकालिकांना होते. त्या ४५ पैकी ३० रुपये पाच परदेशी जर्नल्सना, १२ रुपये भारतातल्या इंग्रजी जर्नल्सना आणि ३ रुपये मराठी नियतकालिकांना. संख्येने मात्र मराठी नियतकालिकेच सर्वांत जास्त होती.

हे ५५-४५ कुणी ठरवले? मी जुन्या इतिवृत्तांच्या वह्या काढून बसले. कुणीच ठरवलेले नव्हते. काही जर्नल्स बाराव्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे २०१२ ते २०१७ या काळात, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पैशातून सुरू झाली होती. योजना संपली, अनुदान थांबले, वर्गणी मात्र विद्यार्थ्यांच्या ग्रंथालय शुल्कातून चालू राहिली. काही नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या परिषदेच्या, मूल्यांकनाच्या तयारीत आली. नॅकच्या तेव्हाच्या चौथ्या निकषात ग्रंथालयाच्या मूल्यमापनात पुस्तके आणि जर्नल्स यांवरचा वार्षिक खर्च एकत्र विचारला जायचा, ई-जर्नल्सची सदस्यत्वे वेगळी विचारली जायची. त्या तक्त्यात 'जर्नल्स'ची रिकामी ओळ कुणालाच नको होती. उरलेली संशोधन केंद्राच्या मान्यतेवेळी आली. प्रत्येक वेळी कारण खरे होते. पण कारण संपल्यावर वर्गणी संपवायची असा ठराव कधी झालाच नाही. नूतनीकरणाच्या प्रत्येक यादीवर एकच शेरा होता : मागील पानावरून पुढे चालू.

वेळापत्रकाचा फास

टक्केवारीवर सगळे भांडतात, वेळापत्रकाकडे कुणी पाहत नाही. माझ्या मते खरा घोटाळा तिथे आहे, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

जर्नलची वर्गणी जानेवारी ते डिसेंबर अशी असते. नूतनीकरणाचे पत्र आणि प्रोफॉर्मा बिल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येते, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर्ण रक्कम आगाऊ भरावी लागते. उशीर झाला तर पहिले अंक हुकतात, म्हणून लेखा विभागही ती फाइल अडवत नाही. प्रकाशकांसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या एजंटाची आठवणीची पत्रे येत राहतात. काम सोपे असते : एक यादी, एक सही, एक धनादेश.

पुस्तकांची वाट लांब. विभागांकडून याद्या मागवा, त्या वेळेवर येत नाहीत म्हणून स्मरणपत्र द्या, दरपत्रके मागवा, तुलनात्मक तक्ता करा, ग्रंथालय समितीची मान्यता घ्या, ऑर्डर द्या, आलेली पुस्तके बिलाशी ताडून पाहा, दाखल नोंदवहीत चढवा, मग बिल पुढे पाठवा. मुलांना पुस्तक जुलैत हवे असते. आमच्याकडे अंदाजपत्रकाला अंतिम मान्यता ऑगस्टमध्ये मिळायची, पहिली ऑर्डर दिवाळीच्या आसपास जायची आणि पुस्तके पहिल्या सत्राची परीक्षा उरकल्यावर यायची. उरलेली मार्चमध्ये, ३१ तारखेच्या आत बिल निघावे म्हणून, पुरवठादार आणेल त्यातून निवडलेली.

आणि फेब्रुवारीत संस्थेला कुठे तोंडमिळवणी करायची वेळ आली, तर हात घालायला जो पैसा शिल्लक असतो तो पुस्तकांचाच. जर्नलचा पैसा तोवर जाऊन बसलेला असतो. २०२३-२४ मध्ये पुस्तकांच्या ५५ रुपयांपैकी प्रत्यक्षात ३९ च खर्च झाले होते. जर्नल्सचे ४५ मात्र पूर्ण. कागदावर पुस्तके पुढे होती. प्रत्यक्षात ती मागे पडली होती, आणि हे तोवर कुणी शेजारी शेजारी मांडून पाहिलेच नव्हते.

भाववाढ

यात वाढत्या किमतीचे गणित मिळवा. तरतूद १०० च राहिली आणि जर्नल्सची वर्गणी दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढली असे समजा. तेवढीच जर्नल्स चालू ठेवायची तर आजचे ४५ रुपये पाच वर्षांनी ६६ होतात. पुस्तकांना उरतात ३४. पुस्तकांच्याही किमती वर्षाला ५ टक्के वाढल्या असे धरले, तर त्या ३४ रुपयांत आज ५५ रुपयांत येतात त्याच्या निम्मीही पुस्तके येणार नाहीत. एकही नवे जर्नल न घेता हे होते.

परदेशी जर्नल्सना चलनाचाही फटका बसतो. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता. जुलैत त्याने ८० चा टप्पा ओलांडला आणि नूतनीकरणाच्या ऐन हंगामात, ऑक्टोबरमध्ये, तो ८२-८३ वर होता. प्रकाशकाने एक सेंटही वाढवला नसता, तरी आम्हाला तीच वर्गणी सुमारे १० टक्के महाग पडली असती.

हे रडगाणे फक्त आपले नाही. एप्रिल २०१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयविषयक प्राध्यापक सल्लागार मंडळाने आपल्याच प्राध्यापकांना कळवले होते की जर्नल्सचा खर्च वर्षाला सुमारे ३७.५ लाख डॉलरवर गेला आहे, काही जर्नल्सची वर्गणी ४० हजार डॉलरपर्यंत आहे, दोन मोठ्या प्रकाशकांकडच्या ऑनलाइन मजकुराचे दर सहा वर्षांत सुमारे १४५ टक्के वाढले आहेत आणि हे असेच चालणे शक्य नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सविअर या बड्या जर्नल प्रकाशकाशी करार न करताच बाहेर पडायचे ठरवले. नवा करार व्हायला २०२१ उजाडले.

किमती इतक्या वाढू शकतात याचे कारण साधे आहे. एका पाठ्यपुस्तकाऐवजी दुसऱ्या लेखकाचे चालते. एका जर्नलमध्ये छापलेला लेख दुसऱ्या जर्नलमध्ये मिळत नाही. शिवाय मागणी करतो प्राध्यापक, पैसे भरते ग्रंथालय. मागणाऱ्याला किंमत कळतच नाही. मी समितीत पाच परदेशी जर्नल्सच्या वर्गणीचे आकडे वाचून दाखवले, तेव्हा विभागप्रमुखही चकित झाले. दहा वर्षे ती जर्नल्स त्यांच्या विभागाच्या नावावर येत होती.

मोजणी

ऑगस्ट ते ऑक्टोबर आम्ही मोजले. पद्धत जुनी आणि सोपी आहे. वाचन कक्षात पाटी लावली : 'वाचून झालेला अंक रॅकवर ठेवू नका, टेबलावरच राहू द्या.' कमवा व शिका योजनेतल्या दोन मुली रोज संध्याकाळी टेबले आवरताना वहीत त्या अंकापुढे एक रेघ मारायच्या. विभागात नेलेले अंक कळावेत म्हणून विभागीय नोंदवहीही पाहिली. ही मोजणी अचूक नाही. कुणी सवयीने अंक रॅकवर ठेवतोच. पण एका अंकापुढे पस्तीस रेघा आणि दुसऱ्यापुढे शून्य, एवढा फरक त्या चुकीने झाकला जात नाही.

पाच परदेशी जर्नल्सपैकी दोन जर्नल्सपुढे तीन महिन्यांत एकही रेघ नव्हती. दोन जर्नल्सपुढे चार-पाच होत्या, त्याही एकाच संशोधक विद्यार्थ्याच्या. एक जर्नल मात्र नेमाने वाचले जात होते.

मग दुसरी तपासणी केली : यातले काय आपल्याला आधीच दुसरीकडून मिळते? एन-लिस्ट ही महाविद्यालयांना ई-साधने पुरवणारी, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्राची योजना. अनुदानित महाविद्यालयाला तेव्हा वर्षाला ५,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५,९०० रुपयांत सहा हजारांवर ई-जर्नल्स आणि दीड लाखांहून अधिक ई-पुस्तके मिळत होती. आमचे सदस्यत्व कित्येक वर्षांचे. तरीही छापील घेत असलेल्या पाचपैकी एक परदेशी जर्नल त्यात होतेच, हे आम्हाला त्या वर्षी कळले. 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'ही त्यात होते. भारतीय जर्नल्सच्या यादीत तर याहून ठळक उदाहरणे निघाली. 'करंट सायन्स' संकेतस्थळावर मोफत वाचता येते, बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची जर्नल्सही खुली आहेत.

पण मिळते आणि वापरले जाते यात अंतर आहे. एन-लिस्टसाठी प्रत्येकाला स्वतंत्र युजर आयडी लागतो. शिक्षकांचे आयडी होते, काहींना पासवर्ड आठवत नव्हता. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे तर आम्ही काढलेच नव्हते. ५,९०० रुपयांत जे दार उघडले होते, त्याची किल्ली आम्ही मुलांच्या हाती दिली नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते. त्या सप्टेंबरात एम.एस्सी.च्या दोन्ही वर्गांना बसवून, त्यांच्याच मोबाइलवर, एकेकाचा आयडी सुरू करून दिला.

पुस्तकांनाही तोच काटा लावणे भाग होते. वापराच्या नावाखाली फक्त जर्नल्सवर कुऱ्हाड चालवणे अन्यायाचे झाले असते. पिट्सबर्ग विद्यापीठाचा १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने वाचलेला असतो : १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके पहिल्या सहा वर्षांत एकदाही घरी नेली गेली नव्हती. आम्ही कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीतून गेल्या पाच वर्षांच्या खरेदीचा अहवाल काढला. एकदाही बाहेर न गेलेल्या पुस्तकांची यादी लांबच निघाली. ती दाखल तारखेनुसार लावल्यावर मात्र चित्र स्पष्ट झाले. त्यातली बहुतेक पुस्तके मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात दाखल झालेली होती.

हा अहवाल हाती येईपर्यंत माझे मत 'जर्नल्स कमी करा, पुस्तके वाढवा' असे सरळ होते. ते बदलले. मार्चमधल्या पुस्तकांवर आणखी पैसे टाकणे म्हणजे न फोडलेल्या पाकिटांचीच दुसरी रांग लावणे.

समितीतली बैठक

ऑक्टोबरमधली बैठक अडीच तास चालली. रसायनशास्त्राचे विभागप्रमुख सर तीसहून अधिक वर्षे शिकवतात. त्यांचा विरोध हट्टाचा नव्हता, आणि त्यांचे म्हणणे मला इथे पूर्ण ताकदीने मांडले पाहिजे.

"मॅडम, पुस्तकात जे छापलेलं असतं ते पाच-सात वर्षांपूर्वीचं असतं. माझ्या पीएच.डी.च्या मुलाला गेल्या महिन्यात काय झालं ते बघावं लागतं. तुमच्या रेघा तीन आहेत की तेरा, त्याने काय कळणार? एक लेख एकानेच वाचला, पण त्यावर त्याचं वर्षाचं काम उभं राहिलं, तर त्याचं मोल कसं धरणार? आणि एकदा बंद केलेलं जर्नल पुन्हा सुरू होत नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय."

वाणिज्यच्या सरांनी तितक्याच तळमळीने दुसरी बाजू मांडली. शुल्क भरणाऱ्यांत पदवीची मुले जास्त, संशोधक मूठभर. मग शुल्कातले ३० रुपये पाच जर्नल्सना का? त्यावर एका मॅडमनी विचारले, की मग ग्रंथालयाची पुस्तकपेढी करायची का, एकाच गाइडच्या पन्नास प्रती घ्यायच्या का? तेही खरे होते. गाइडांनी कपाटे भरली तर त्याला ग्रंथालय म्हणता येणार नाही.

चर्चेला वळण दिले ते अर्थशास्त्राच्या एका तरुण प्राध्यापकांनी. ते लासलगावच्या कांदा बाजारावर प्रबंध लिहीत होते. त्यांना मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या 'अर्थसंवाद' या त्रैमासिकाचे जुने अंक हवे होते. आमच्याकडे बांधणी केलेले खंड आहेत, पण मधली सहा वर्षे गायब. ते म्हणाले, "मी विचारलं की का नाहीत, तर वर्गणी भरायची राहून गेली होती. गंगापूर रोडच्या एका कॉलेजात मिळाले म्हणून निभावलं. पण मॅडम, ह्याची वर्गणी होती तरी किती?"

त्या सहा वर्षांची सगळी वर्गणी मिळून परदेशी जर्नलचा एक अंकही आला नसता. ती राहून गेली, कारण मराठी त्रैमासिकाला आठवण करणारा एजंट नसतो. संपादक, व्यवस्थापक आणि पाकिटावर पत्ते लिहिणारा बहुधा एकच माणूस असतो. तो एक पोस्टकार्ड टाकतो किंवा शेवटच्या अंकात 'आपली वर्गणी संपली आहे' अशी चिठ्ठी घालतो. ती चिठ्ठी आमच्याकडे अंकासोबत रॅकवर गेली आणि तिथेच राहिली.

मला जे म्हणायचे होते ते त्या दिवशी नीट सुचले. पुस्तके किती आणि जर्नल्स किती, हा प्रश्नच आधी विचारायचा नाही. आधी विचारायचे : हे आपण घेतले नाही, तर आपल्या वाचकाला ते दुसरीकडून मिळेल का, आणि किती वेळात? रसायनशास्त्रातला ताजा लेख पैसे न भरताही चार वाटांनी मिळू शकतो. जुलैतले पाठ्यपुस्तक ज्या मुलीकडे विकत घ्यायला पैसे नाहीत तिला दुसरीकडून मिळत नाही. आणि मराठी त्रैमासिकाचा हुकलेला अंक पुढे कधीकधी कुणालाच मिळत नाही. एन-लिस्टच्या यादीत तो नसतो.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतली दुसरे आणि तिसरे ही दोन आपण सगळे परीक्षेत लिहून आलो : प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. अंदाजपत्रकाच्या तक्त्यात यातले एकही दिसत नाही, कारण तिथे रकाने वस्तूंचे असतात, वाचकांचे नसतात.

नोव्हेंबरमधली बातमी

निर्णय होत आला असतानाच २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स, ६,३०० हून अधिक संस्था. दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांनी बोलावले. "मॅडम, मग आता आपल्याला काही घ्यायलाच नको ना?"

मी तपशील वाचला. पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था होत्या. आमचे महाविद्यालय खासगी संस्थेचे, शासन फक्त अनुदान देते. आम्ही त्यात बसत नव्हतो. महाराष्ट्रातली कितीतरी महाविद्यालये आमच्यासारखीच आहेत, आणि पदवीचे ग्रामीण विद्यार्थी मोठ्या संख्येने तिथेच शिकतात. ही योजना मोठी आहे, मला तिचा आनंद आहे. पण अनुदानित महाविद्यालयांना तिच्यात लवकर घेतले पाहिजे, हे मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते.

त्या बातमीचा एक उपयोग झाला. जर्नल्सचा मोठा खर्च पुढे एकत्रित पातळीवर उचलला जाण्याची शक्यता दिसू लागली, आणि छापील परदेशी जर्नल्सना लांब मुदतीने बांधून घेऊ नये हे सर्वांना पटले.

नवे वाटप

डिसेंबरमध्ये जे ठरले ते असे. पुस्तकांचे ६० रुपये सर्वांत आधी बाजूला काढायचे आणि त्यातले निम्मे ३१ जुलैच्या आत खर्च व्हायलाच हवेत. त्यासाठी महाविद्यालय विकास समितीने मार्चमध्येच आगाऊ मंजुरी द्यायची. मार्चमध्ये नवी खरेदी नाही. परदेशी जर्नल्स पाचाची दोन, ३० चे १३ रुपये. भारतीय इंग्रजी जर्नल्समध्ये जे खुले आहे ते छापील घ्यायचे नाही; १२ चे ९. मराठी नियतकालिकांना ३ चे ६, त्यात तुटलेले संच पुरे करणे, बांधणी आणि जिथे मिळेल तिथे पाच वर्षांची वर्गणी एकदम. संशोधकाला हवा असलेला सुटा लेख मिळवण्यासाठी ५ रुपयांचा लेखनिधी. उरलेले ७ रुपये आधीपासून कुणालाच नेमून द्यायचे नाहीत.

शेवटच्या ७ रुपयांवरून लेखा विभाग नाराज होता. शीर्षाविना शिल्लक ठेवलेली रक्कम त्यांना चालत नाही. 'मागणीनुसार ग्रंथ व नियतकालिके' असे नाव दिल्यावर ते तयार झाले.

२०२५ मध्ये पहिली ऑर्डर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. नाशिकच्याच शालिमार भागातल्या एका पुरवठादाराने स्वतः टेम्पोतून गठ्ठे आणून टाकले. नोंदणी, शिक्के, लेबले हे सगळे आम्ही चौघांनी पाच दिवस संध्याकाळी सातपर्यंत बसून उरकले आणि प्रवेश चालू असतानाच पाठ्यपुस्तके काउंटरवर होती. प्रत्येक विषयाच्या दोनपेक्षा जास्त प्रती फक्त देवघेवीची मागणी पाहूनच घेतल्या. २०२४ पॅटर्नची, म्हणजे त्या वर्षीपासूनच्या नव्या अभ्यासक्रमाची, प्रथम आणि द्वितीय वर्षाची पुस्तके मिळत नाहीत अशी तक्रार त्या जुलैत माझ्यापर्यंत आली नाही. सुरगाण्याची ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला होती. तिने दोन पुस्तके नेली.

लेखनिधीकडे वर्षभरात नऊ मागण्या आल्या. सहा लेख दोन दिवसांत आणि फुकट मिळाले : काही लेखकाला ईमेल करून, काही लेखकाच्या विद्यापीठाच्या खुल्या भांडारातून. दोन डेलनेट या ग्रंथालयांच्या आपसांतल्या देवघेवीच्या जाळ्यामार्फत आले. बेकायदा संकेतस्थळांवरून उतरवून घेण्याची वाट मी कुणाला दाखवली नाही. एका लेखाला अकरा दिवस लागले आणि त्या मुलाचे चर्चासत्र तोवर होऊन गेले होते. तो काही बोलला नाही, पण सरांनी मला ते सांगितले आणि सांगायलाच हवे होते.

इतर गोष्टीही बिघडल्या. बंद केलेल्या एका जर्नलचे मागच्या वर्षातले तीन अंक आलेच नव्हते. त्यांची भरपाई एजंटाने अजून दिलेली नाही, आता ग्राहक नाही म्हटल्यावर फोनही उचलत नाहीत. बांधणीचे खंड २०२४ वर तुटले. आणि दोन संशोधक विद्यार्थी म्हणाले की हव्या असलेल्या लेखाची मागणी करता येते, पण अंक चाळता चाळता जे अचानक सापडायचे ते आता सापडत नाही. याला माझ्याकडे उत्तर नाही. एन-लिस्टवर अनुक्रमणिका चाळता येते असे मी सांगितले. त्यांनाही माहीत आहे आणि मलाही, की ते तसे नसते.

कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या महाविद्यालयांनी महागडी छापील जर्नल्स आपसांत वाटून घ्यावीत, एकाने एक, दुसऱ्याने दुसरे, असे मी ओळखीच्या ग्रंथपालांशी बोलले. अंतर दोन-तीन किलोमीटरचे आहे. सगळ्यांना कल्पना आवडते. पण नॅकला खर्च आपापला दाखवायचा असतो, संस्था वेगवेगळ्या आहेत आणि दुसऱ्याच्या विद्यार्थ्याला अंक घरी द्यायचा की फक्त बसून वाचू द्यायचा यावर गाडी अडते. तूर्त परिचयपत्र घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्याला बसून वाचू द्यायचे, एवढे तीन ठिकाणी तोंडी ठरले आहे. 'अर्थसंवाद'च्या सहापैकी चार वर्षांचे अंक मिळाले. दोन वर्षे अजून शोधतो आहोत.

ऑक्टोबर २०२५ च्या नूतनीकरणासाठी मी नवी यादी छापली. प्रत्येक नावापुढे तीन रकाने : कोणी मागितले, किती वेळा उघडले, नाशिकमध्ये दुसरीकडे कुठे मिळते. 'मागील पानावरून पुढे' लिहायला जागा ठेवली नाही. सगळ्यात आधी यादी परत आणली ती रसायनशास्त्राच्या सरांनी. बंद केलेल्या तिनांपैकी एक त्यांना पुन्हा हवे होते. पहिल्या रकान्यात तीन संशोधकांची नावे होती, दुसऱ्यात लेखनिधीच्या नोंदीतून मोजलेले चार लेख. तिसरा रकाना भरण्यासाठी त्यांनी स्वतः पाच महाविद्यालयांत फोन केले होते आणि पेनाने लिहिले होते : 'कुठेही नाही.'

समितीने ते शिल्लक ७ रुपयांतून दहा मिनिटांत मंजूर केले.